उसना आजोबा

जे अकरा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. माझ्या कामाच्या फाइलमध्ये एका सैनिकाचा जुना फोटो असायचा. परदेशी पाहुण्यांना तो दाखवून मी म्हणायचो, "हे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले." ते माझे आजोबा नव्हते. घोडपदेवला आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या परबांचे ते आजोबा. माझे खरे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते, आणि त्यांचा समुद्रावरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून देवगडपर्यंतची बोट.

मी पर्यटकांना मुंबई दाखवतो. सोळा वर्षं झाली. राहतो बदलापूरला. गेल्या जानेवारीत एका अमेरिकन माणसाला घेऊन तीन दिवस गिरगाव, लालबाग, दादर आणि शेवटी घोडपदेव असा फिरलो, त्याची ही हकीकत. तुम्ही म्हणाल, यात प्रवास कसला, बसने अर्धा तास. बरोबर आहे. पण घोडपदेवला पोचायला मला अकरा वर्षं लागली होती.

गिरगाव

पाहुण्याचं नाव डेल. वय सत्तावन्न, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. टेक्सासमधल्या एका लहान गावात लोकांचे एसी दुरुस्त करतो. उंच, किंचित वाकलेला, डोक्यावर सतत टोपी, खिशात छोटी वही. दोन वर्षांपूर्वी त्याची बहीण माझ्याबरोबर फिरून गेली होती. तिनेच माझा पत्ता दिला, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

पहिल्या सकाळी आम्ही एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियुष घेऊन बसलो. तिथे मी माझी नेहमीची परीक्षा घेतली. ही माझी सवय आहे. युरोपियन लोकांनी हे शहर घडवलं असं जो तो म्हणतो, तेव्हा पाहुण्याला युरोप कितपत ठाऊक आहे ते आधी पाहून घ्यायचं.

"मुंबई इंग्रजांना कोणी दिली?" मी विचारलं.

डेलने विचार केला. "स्पेन?"

"पोर्तुगाल. राजकन्येच्या हुंड्यात."

"कोणती राजकन्या?"

मी सांगायला लागलो. गल्ल्यावर बसलेल्या बाई, ज्या मला सोळा वर्षं ओळखतात आणि ही गोष्ट जवळजवळ तितकीच वर्षं ऐकत आल्या आहेत, तिथूनच म्हणाल्या, "अहो, अख्खं बेट हुंड्यात दिलं, मग मानपानात काय दिलं ते पण सांगा की एकदा त्यांना." मी भाषांतर केलं. डेल इतका हसला की पियुष शर्टावर सांडलं. बाईंनी ओलं फडकं दिलं आणि वर म्हणाल्या, "याला अजून एक वडा द्या रे. हसतो तरी. बाकीचे नुसती मान हलवतात."

सोळा वर्षांच्या या परीक्षेचा निकाल सांगतो. साधा अमेरिकन माणूस, म्हणजे दुकानदार, नर्स, निवृत्त पोलीस, शाळेतली शिक्षिका, यांना युरोपचा इतिहास सलग येत नाही. एका दंतवैद्याने पोर्तुगाल दक्षिण अमेरिकेत नेऊन ठेवलं होतं. नेपोलियन माहीत असतो, तो कोणत्या शतकातला ते नाही. दोन महायुद्धं माहीत असतात, आणि ती आपणच जिंकली हेही. सुरुवातीची वर्षं मी मनातल्या मनात हसायचो. मग एक गोष्ट लक्षात आली. "तुमची माणसं मूळची कुठली?" असं विचारलं की तोच दंतवैद्य ताठ बसतो. पणजोबा आयर्लंडमधून कोणत्या बंदरातून निघाले, का निघाले, त्या वर्षी बटाट्याचं पीक कसं सडलं, सगळं सांगतो. आपल्याकडे लालबागचा मुलगा नाही का, "आमी देवगडचे" म्हणून छाती काढतो? गेलेला असतो दोनदा, तेही मे महिन्यात. पण देवीची पालखी कोणत्या घरी थांबते ते त्याला पाठ असतं. त्यांचं युरोपचं ज्ञान असं आहे. त्यांना इतिहास माहीत नाही, गाव माहीत आहे.

आणि आपल्याला तरी काय येतं? फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं, पाच गुणांना. मी तेवढ्यावरच सोळा वर्षं काढली.

डेलला बिस्मार्क कोण ते माहीत नव्हतं. ऑस्ट्रिया आणि हंगेरी आता एकच देश आहे की दोन, हे त्याने मलाच विचारलं. माझी भीड गेली. या माणसापुढे काहीही खपेल, असं मनात आलं, आणि मी निवांत झालो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझं सगळं पाप या निवांतपणातून आलेलं आहे.

लालबाग

दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या गल्लीतून सुरुवात केली. डंकिणीवर मिरची कुटली जात होती. डेल तिथे पंधरा-वीस वेळा शिंकला. डंकिणीवरच्या बाईने मला विचारलं, "आजारी आहे काय हो तुमचा साहेब?" मी म्हटलं, नाही, नवीन आहे. "मग त्याला सांगा, नाकाला रुमाल लावून काय होत नाय. उभा राहा दहा मिनिटं, सवय होते." तो खरंच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हा तिरफळं हुंगून पाहतोय. मला तो माणूस आवडायला लागला होता.

गल्लीच्या तोंडाशी चहा घेताना त्याने वहीतून एक कागद काढला. त्यावर माझ्या फाइलमधला फोटो छापलेला होता. बहिणीने मोबाइलवर काढलेला.

"मी याच्यासाठी आलोय," डेल म्हणाला. "तुझ्या आजोबांसाठी."

मग तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. त्याचे आजोबा इटलीत होते. जानेवारीत, अंधारात, थंडगार पाण्यातून एक नदी ओलांडायची होती. टेक्सासची पोरं होती सगळी. दोन रात्री प्रयत्न झाला आणि कितीतरी पोरं त्या पाण्यात आणि पलीकडच्या काठावर राहिली. अमेरिकन तिला रॅपिडो म्हणत, ब्रिटिश गारी. चार महिन्यांनी तीच नदी हिंदुस्थानी फौजेने ओलांडली. ज्याला ऑस्ट्रिया-हंगेरी येत नव्हतं, तो या नदीची रुंदी, काठाची उंची, पाण्याचा वेग सांगत होता. दोरीच्या पुलावर कोणती फळी निसटली तेसुद्धा.

"माझे आजोबा याबद्दल कधीच बोलले नाहीत," तो म्हणाला. "ही सगळी माहिती मी पुस्तकांतून काढली. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं होतं एकदा, की आमच्यामागून आलेले हिंदुस्थानी पार झाले. बस. आणि मग बहिणीने तुझ्या आजोबांचं वाक्य लिहून पाठवलं."

कोणतं वाक्य ते मला ठाऊक होतं. मीच रचलं होतं, एका दुपारी, बसमध्ये, पाहुणे पेंगायला लागले म्हणून. 'नदीने आम्हाला विचारलं नाही, तुम्ही कोणत्या देशाचे.'

"गेल्या वर्षी वडील गेले," डेल म्हणाला. "अंत्यसंस्काराच्या वेळी काय बोलावं ते मला सुचेना. मी ते वाक्य वाचलं. लोक रडले. पाद्रीसाहेबांनी मागून घेतलं."

चहाचा ग्लास हातात गरम लागत होता तरी मी खाली ठेवला नाही.

"मला त्यांचं घर बघायचंय," तो म्हणाला. "नुसतं बाहेरून."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मी काय केलं ते सांगतो. मी त्याला पुढच्या वळणावर नेलं आणि समोर जी पहिली चाळ दिसली तिच्याकडे बोट केलं. "दुसरा मजला. डावीकडून तिसरं दार."

डेलने टोपी काढली आणि भर रस्त्यात, हातगाड्यांच्या मध्ये, उभा राहिला. त्या तिसऱ्या दारातून एक बाई बादली घेऊन बाहेर आली. आम्हाला बघून वरूनच ओरडली, "कोण पायजे?"

"कोणी नाय, ताई."

"मग काय बघताय टोप्या काढून? रूम विकायची नाय हां आम्हाला!"

डेलने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, नमस्कार सांगितला. त्याने कंबरेत वाकून नमस्कार केला. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

परत फिरताना आम्ही मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानावरून गेलो. पूर्वी तिथे पेडणेकरांचा फोटो स्टुडिओ होता. तिथली गोष्ट आता सांगायलाच हवी.

अकरा वर्षांपूर्वी म्हाळ जवळ आला होता. पितृपक्षात परबांकडे म्हाळ मोठा असतो. आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवून पाटावर ठेवायचा, समोर केळीच्या पानावर वाडी, म्हणजे पितरांचा नैवेद्य, वाढायची, मग इतरांनी जेवायचं. त्या वर्षी फोटोला बुरशी लागलेली दिसली. परबकाकींनी तो माझ्या हातात दिला. "तू लालबागवरसून जातंस, एक मोठी कॉपी काढून हाड." पेडणेकरांनी दोन दिवसांत प्रत काढली, जुना आणि नवा दोन्ही फोटो ब्राउन पेपरात बांधून माझ्या हातात दिले. त्याच संध्याकाळी माझ्याकडे एक गट होता. एकाने सहज विचारलं, तुमच्या घरातलं कोणी युद्धात होतं का? पुडकं माझ्या पिशवीत होतं. मी काढलं आणि म्हटलं, हे माझे आजोबा.

ते सगळे उठून माझ्याभोवती उभे राहिले. तोवर माझं कोणी असं ऐकलं नव्हतं.

वाटलं, आणखी दोन दिवस ठेवावा. चौथ्या दिवशी काकींनी विचारलं, "मिळालो काय रे फोटो?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "पेडणेकरांनी हरवला, काकी." काकींचा मुलगा बाळा, माझा लहानपणापासूनचा मित्र, तडक लालबागला गेला. मी त्याच्या मागे. त्याने पेडणेकरांची कॉलर धरली. दुकानासमोर माणसं जमली. पेडणेकर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "अहो, मी तुमच्या हातात दिला ना?"

मी म्हटलं, "नाही."

त्या वर्षीपासून परबांच्या पाटावर फोटोच्या जागी नारळ ठेवायला लागले. दुसऱ्या वर्षी मी बदलापूरला खोली घेतली. घोडपदेव कामाला लांब पडतं म्हणून नव्हे, परबांचं दार फार जवळ पडत होतं म्हणून.

दादर

तिसऱ्या दिवशी सकाळी फुलबाजार झाला. दुपारी एका मालवणी खानावळीत जेवायला बसलो. डेलला बांगडा काट्यांसकट समोर आल्यावर जरा घाबरल्यासारखं झालं, पण शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने खुणेनेच त्याला कणा कसा सोडवायचा ते शिकवलं. जमल्यावर त्या म्हाताऱ्याने टेबलावरूनच शाबासकी दिली. सोलकढीचा पहिला घोट घेऊन डेल म्हणाला, "हे तुझ्या आजोबांना आवडायचं का? मी वहीत लिहितो."

वहीत लिहितो, म्हणाला. पेन उघडलं होतं त्याने.

"डेल," मी म्हटलं, "तो माझा आजोबा नाही."

सांगायला किती वेळ लागला आठवत नाही. फोटो, पेडणेकर, ते वाक्य, कालची चाळ, ती बादलीवाली बाई, सगळं सांगितलं. वेटर भाताचं विचारून गेला. माझं संपल्यावर डेलने सोलकढी संपवली, सावकाश. वाटलं, उठून जाईल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ते वाक्य माझ्या वडिलांच्या पेटीत ठेवलंय," तो म्हणाला. "कागदावर लिहून. त्यांच्याबरोबर पुरलंय."

त्याने वहीतून छापलेला कागद काढला.

"हा माणूस आहे ना पण?" त्याने फोटोवर बोट ठेवलं. "हा तिथे होता ना? का तेही खोटं?"

"होता. मराठा पलटणीत. इटलीत होता, नक्की. त्या नदीवर होता का, ते मला माहीत नाही."

"मग ज्याचा आहे त्याच्याकडे चल," डेल म्हणाला. "आत्ता."

घोडपदेव

टॅक्सीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. जुना फोटो फाइलमध्येच होता. मोठी प्रत बदलापूरला कपाटावर, अजून त्याच ब्राउन पेपरात.

चाळीचा जिना तोच. दाराला नवा पत्रा. काकी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे गेल्या असतील. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सहा फुटी माणसाकडे.

"अन्या? वाट इसारलंस काय रे? आणि ह्यो कोण?"

"पाहुणे आहेत, काकी. अमेरिकेचे."

"मगे भायर कित्याक उभो केलंस? ये रे बाबा, बस."

बाळा ड्युटीवरून येऊन बनियनवर पेपर वाचत होता. परळच्या एका हॉस्पिटलात तो वॉर्डबॉय आहे. "काय साहेब," तो म्हणाला, "आज गरिबांची आठवण? काय पायजे, रेशन कार्डाची झेरॉक्स?" तो हसत होता. दहा वर्षं मी आलो नव्हतो, आणि तो हसत होता.

मी बसलो नाही. फाइल उघडली, फोटो काढला आणि काकींच्या हातात दिला.

त्यांनी आधी हात पदराला पुसले. मग फोटोवरून पदर फिरवला, आजोबांच्या तोंडावरून, मग फेट्यावरून. "खंय गावलो?"

"माझ्याकडेच होता. पेडणेकरांनी मला दिला होता. मी खोटं बोललो."

बाळाने पेपर खाली ठेवला. हसू तसंच राहिलं, थोडा वेळ, जायचं विसरल्यासारखं. मग तो उठला, माझ्या अगदी जवळ आला. मला वाटलं, हात उचलेल. "मी त्या माणसाची कॉलर धरली होती," तो हळू म्हणाला. "तू बाजूला उभा होतास. अन्या, तू बाजूला उभा होतास." आणि तो बाहेर गॅलरीत जाऊन पाठ करून उभा राहिला.

काकी फोटोकडेच बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं ते असं: "म्हणजे त्या पेडणेकराक आमी उगाच गाळ्यो घातल्यो?"

स्वतःच्या अकरा म्हाळांचं काही नाही बोलल्या.

डेल दाराशी लोखंडी खुर्चीवर अवघडून बसला होता. त्याने मला हळूच विचारलं, मी एक विचारू का? मी काकींना सांगितलं, याचे आजोबाही इटलीत होते. एका नदीवर. तुमचे सासरे त्याबद्दल काही बोलायचे का?

"बोलूचे नाय," काकी म्हणाल्या. "काय्येक बोलूचे नाय. पण पाण्याक भियायचे. गावाक व्हाळ असा आमच्या, घोट्याइतक्या पाण्याचो. तो ओलांडूक पण माझो हात धरायचे. मी नवी सून. लोक हसायचे. मी हात दिवचंय." त्यांनी हात पुढे करून दाखवला. "घट्ट धरायचे. पलीकडे गेल्यार सोडायचे नायत लगेच."

मी डेलला सांगितलं. शब्दाला शब्द, काही न घालता. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतकं नेमकं भाषांतर केलं असेन. त्याने वही उघडली. मागचं एक पान काढलं, तिथे माझं ते वाक्य होतं, त्यावर सरळ एक रेघ मारली. खाली काकींचं लिहिलं. मग वही बंद करून खिशात ठेवली. काकींनी त्याच्या पुढ्यात घावणे आणि चहा ठेवला. त्याने खाल्लं. निघताना काकींनी त्याला जिन्यापर्यंत हात धरून नेलं, कारण जिना मोडका आहे आणि तो उंच आहे. जिन्यावर त्याचं डोकं दोनदा आपटलं.

मी मागे राहिलो होतो. काकींनी परत आल्यावर फोटो भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला लावला नाही. फडक्यात गुंडाळून ट्रंकेवर ठेवला.

"लावा ना, काकी," मी म्हटलं.

"पेडणेकर खंय आसता आता?" त्यांनी बाळाला विचारलं.

"कुडाळला. मुलीकडे," बाळा गॅलरीतून म्हणाला. "चोर म्हणायला लागले लोक, दुकान सोडलं. सगळ्यांना माहीत आहे. याला सोडून."

"आधी थंय जा," काकी मला म्हणाल्या. "तेका सांग. मगे लावया."

डेल दुसऱ्या दिवशी गेला. विमानतळावर त्याने हात मिळवला, पण पूर्वीसारखं खांद्यावर थोपटलं नाही. महिन्याभराने त्याचं दोन ओळींचं पत्र आलं. पाद्रीसाहेबांना त्याने खरं सांगितलं होतं. हाताची गोष्टही सांगितली होती. माझ्याबद्दल काही नव्हतं.

आता पाहुणे विचारतात, तुमच्या घरातलं कोणी युद्धात होतं का? मी म्हणतो, नाही, आजोबा गिरणीत साच्यावर होते. ते मान हलवतात आणि मोबाइल बघायला लागतात. मीही पुढे चालायला लागतो.

मोठी प्रत मी काकींना नेऊन दिली. तीही ट्रंकेवर आहे. बाळा माझ्याशी बोलत नाही. पितृपक्ष पुन्हा येऊन गेला आणि पाटावर नारळच होता.

कुडाळला मी अजून गेलेलो नाही. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. पेडणेकर आता सत्तरीच्या पुढचे आहेत. भर रस्त्यात, माणसांसमोर त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी नाही म्हटलं होतं. त्याचं उत्तर 'हो' आहे. ते त्यांच्या तोंडावर, आणि मग लालबागच्या त्याच दुकानासमोर उभं राहून, मला द्यायचं आहे.